पावसाचा ताळेबंद मांडणारे गाव



शेती, अर्थकारण आणि निसर्ग यांचा मेळ या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले आहे. अशा विषयात वेदकाळापासून प्रारंभ करून टाळ्या मिळविणे सोपे असते. मी मात्र पूर्वीच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावापासून आरंभ करतो.

हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेली. मागे उरली दारू आणि भांडणे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून समतल चर, बांधबंदिस्ती, वृक्षलागवड झाली. हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण चर महाराष्ट्रात असंख्य गावांत खणले गेले आणि गाळाने बुजूनही गेले. येथे वेगळे काय घडले?

येथे गावाने स्वतःलाच बंधने घालून घेतली. कुऱ्हाडबंदी झाली, चराईबंदी झाली. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके लावायची नाहीत, असे ठरले. दरवर्षी पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. प्रथम माणसांचे व गुराढोरांचे पाणी. उरेल त्यावर रब्बीचा पेरा. पाऊस कमी, तर पेराही कमी. गृहिणी महिन्याच्या पगारावर घर चालविते, तसाच हा व्यवहार.

चराईबंदीमुळे जनावरे उपाशी मरतील, अशी भीती होती. घडले उलट. डोंगरावर गवत वाढले. ते कापून न्यायचे, पण गुरे मोकळी सोडायची नाहीत. चारा वाढला तसे दूध वाढले. दिवसाला काहीशे लिटरही नसलेले दूध कित्येक हजार लिटरवर गेले. दुधाबरोबर शेणखत आले, ते जमिनीत गेले, जमिनीत ओल टिकू लागली. अर्थकारण आणि पर्यावरण येथे एकाच गोठ्यात बांधलेले दिसते. गोसंवर्धनाच्या व्यासपीठांवरून आपण पुष्कळ बोलतो. गाईला चारा कोठून येणार, हा प्रश्न मात्र क्वचित विचारतो. हे आपल्याच घरातले बोलणे आहे, म्हणून स्पष्ट बोलतो.

यात परकीयांकडून उसने घ्यावे असे फारसे काही नाही. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली आपल्याला शेती शिकवावयास आला. इथल्या शेतकऱ्याकडे पाहता पाहता तोच शिष्य झाला. इंदूरला त्याने कंपोस्टची पद्धत बसविली, १९३१ साली यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यावर ग्रंथ लिहिला, आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. आपण मात्र उकिरडा ही लाज वाटण्याजोगी वस्तू ठरविली.

तथापि, भावनेच्या भरात उडी घेऊ नये. २०२१ साली श्रीलंकेच्या शासनाने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पर्यायी खत पुरेसे नव्हते, शेतकऱ्याची तयारी नव्हती. भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ आयात करावा लागला, चहाला फटका बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली. वर्षानुवर्षे रसायनांवर पोसलेली जमीन एका आदेशाने सुधारत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा, फळबागांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरलेला आहे. या काळात उत्पन्न घटण्याची शक्यता असते आणि माल मात्र सामान्य भावानेच विकावा लागतो. शेतकरी खचतो तो नेमका येथे. त्याला निसर्गप्रेमावर प्रवचन नको असते, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरायचा असतो.

हा भार त्याने एकट्यानेच का वाहावा? समोर बसलेल्यांपैकी बहुतेक घरांत महिन्याला ज्वारी, तूरडाळ, गूळ लागतो. एका शेतकऱ्याच्या पाठीशी दहा घरांनी उभे राहावे. पेरणीपूर्वीच भाव ठरवावा, तीन वर्षे तो मोडू नये, दाणा थोडा बारीक निघाला तरी कुरकुर करू नये. व्याख्यान संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. नाव आणि महिन्याला किती किलो धान्य लागते, एवढेच त्यात लिहावे.