जुनी खाद्यटाकी उभी करतांना काटकसर कोठें करावी?

(शेतकरी, कोंबडीपालक व कारागीर यांच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



कोंबड्यांच्या शेडजवळ खाद्याची लोखंडी टाकी उभी करावी असें अलीकडे पुष्कळांच्या मनांत येतें. तें योग्यच आहे. पन्नास पन्नास किलोचीं पोतीं वाहतां वाहतां घरच्या बायामाणसांच्या पाठी मोडतात. पोत्याला उंदीर लागतो, पावसाळ्यांत ओल लागते. टाकींत खाद्य वरून भरावें आणि खालच्या निमुळत्या तोंडांतून हवें तेवढें काढावें. आपल्या पाभरीच्या चाड्याचेंच हें थोरलें भावंड. नवी टाकी परवडत नाहीं म्हणून आपण बंद पडलेल्या शेडवरची किंवा भंगारांतली जुनी टाकी आणतों. यांत कमीपणा कांहींच नाहीं.

परंतु काटकसर दोन तऱ्हेची असते. एक पैसा वाचविते, दुसरी माणूस खाते. या दोहोंतला भेद सांगण्यासाठीं मी उभा आहें. लोखंडाचें काम तुम्हां लोहारांना माझ्याहून अधिक कळतें. मी फक्त हिशेब मांडतों, आणि त्याला शाळेंतलें साधें गणित पुरे आहे.

समजा, टाकी ६ फूट रुंद आहे, तिचा उभा भाग ६ फूट आणि खालचा निमुळता भाग ४ फूट आहे. तींत सुमारे २०७ घनफूट जागा होते. कोंबडीचें खाद्य एका घनफुटांत साधारण १८ किलो मावतें. म्हणजे भरलेल्या टाकींत ३,७०० किलो, अर्थात् ७४ पोतीं माल झाला. टाकीचें स्वतःचें वजन ५०० किलो धरलें तर एकंदर भार ४,२०० किलो. चार पायांना वांटला तर एकेका पायावर १,०५० किलो. एका भक्कम बैलजोडीचें वजन एका पायावर! असा पाय फरशीच्या तुकड्यावर किंवा चार विटांवर ठेवून भागेल काय?

त्यांतून आपली काळी जमीन. ती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. एक पाय दोन बोटें खचला कीं सारा भार दुसऱ्या दोन पायांवर जातो. म्हणून खड्डा काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्या. प्रत्येक पायाखालीं निदान २ फूट लांब, २ फूट रुंद व अडीच फूट खोल काँक्रीटचा ठोकळा घाला. मुरूम खोल असेल तर ठोकळाही खोल न्यावा.

आतां जें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं तें सांगतों. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक धोक्याची. वादळी वारा ताशीं १४० किलोमीटर वेगानें आला तर गोल टाकीच्या अंगावर दर चौरस फुटास सुमारे ६ किलो दाब धरावा. आपल्या टाकीचें वाऱ्यासमोर येणारें अंग ४८ चौरस फूट, म्हणजे दाब सुमारे २९० किलो झाला. तो जमिनीपासून ९ फूट उंचीवर लागतो. पहारीचा नियम तुम्हांस ठाऊकच आहे: दांडा लांब तितकें बळ अधिक. २९० ला ९ नें गुणा. उलथविणारें बळ २,६०० झालें. टाकीला खालीं धरून ठेवणारें बळ म्हणजे तिचें ५०० किलो वजन आणि पायांच्या मध्यापासून कडेपर्यंतचें २ फूट अंतर, यांचा गुणाकार. तो भरतो अवघा १,०००. टाकी पडणार हें उघड आहे. पण वर सांगितलेला काँक्रीटचा एक ठोकळा सुमारे ६८० किलो भरतो. पाय बोल्टांनीं चारही ठोकळ्यांना जखडले कीं वजन ३,२०० किलोंवर जातें आणि धरणारें बळ ६,४०० होतें. एवढें अंतर त्या बोल्टांनीं पडतें! टाकी याहून मोठी किंवा उंच असेल तर हे आंकडे इंजिनियरला दाखवून मगच काम सुरू करा.

बोल्ट काँक्रीट ओलें असतांनाच बसवावे, तळाशीं वाकवून. जुन्या टाकीच्या पायांचीं भोकें क्वचितच सरळ रेषेंत असतात. म्हणून सुतारानें त्या पायांवरूनच लांकडी सांचा करावा आणि त्यांत बोल्ट धरून काँक्रीट ओतावें. मग निदान ७ दिवस पाणी मारावें, आणि पुरा माल भरण्यापूर्वीं २८ दिवस जाऊं द्यावे.

टाकी विकत घेण्याआधीं ती हातोडीनें ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. पाय जेथें टाकीला जोडले आहेत ती जागा आणि निमुळत्या भागाचा सांधा विशेष तपासा. पाय वांकलेला असेल तर ठोकून सरळ करूं नका, बदला. नट-बोल्ट सगळे नवे घ्या. आंतलें जुनें, बुरसटलेलें खाद्य पुरें खरवडून काढल्याशिवाय वेल्डिंग करूं नका. खाद्याची धूळ पेट घेते. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर तो आधीं घांसून काढा आणि काम उघड्यावर करा. त्या पांढऱ्या धुरानें माणसाला थंडी वाजून ताप भरतो.

टाकी उचलण्याचा मुहूर्त पंचांगांत पाहूं नका, आभाळांत पाहा. सकाळची वेळ, पडलेला वारा आणि कोरडी जमीन हाच मुहूर्त. वैशाखांत दुपारनंतर वळवाचा वारा केव्हां उठेल याचा नेम नसतो. जवळून विजेच्या तारा जात असतील तर टाकी किंवा क्रेनचा हात आडवा पडला तरी तारेला लागणार नाहीं एवढें अंतर पाहिजे. तें नसेल तर जागा बदला. तार लोखंडाला टेंकली कीं दोर धरणारा प्रत्येकजण मरणाच्या दारीं उभा असतो.

बांबूची तिकाटी आणि वीस माणसांची ओढ यांवर ही टाकी चढवूं नये. एकाचा पाय घसरला कीं भार सर्वांवर येतो. जेसीबीच्या दांतांना दोर बांधूनही उचलूं नये. दोर सटकतो, कापला जातो. हायड्रा क्रेन आणा. दोन पट्ट्यांनीं उचलतांना पट्टे उभट ठेवा. पट्ट्याचा आडव्याशीं कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर २९० किलो ताण येतो; तोच ३० अंश झाला तर पुरा ५०० किलो. दोन बाजूंस दोन लांब दोर बांधून माणसें दूर उभीं करा, म्हणजे टाकी गरगरणार नाहीं. हुकूम एकाच माणसाचा असावा. टाकीखालीं कोणीही जाऊं नये, आणि पोरें तर त्या आवारांतच नसावीं. ओळंबा लावून, सगळे नट घट्ट झाल्यावरच पट्टे सोडा. प्रथम अर्धी टाकी भरा, पाय खचले कीं नाहीं पाहा, नट पुन्हां आवळा, मग पुरी भरा.

पुढें कधीं खाद्य आंत अडकलें तर बाहेरून लांकडी मोगरीनें ठोका. आंत उतरूं नका. पायाखालचें खाद्य सरकलें कीं माणूस गाडला जातो, आणि कुजलेल्या खाद्याच्या टाकींत श्वासाला हवाही उरत नाहीं.

तर मग पैसा कोठें वाचवावा? पत्रा जुना घ्या. खड्डे इर्जिकीनें खोदा. आज माझे, उद्यां तुझे. रंग घरच्यांनीं द्यावा. तीन-चार घरांनीं मिळून एकाच दिवशीं क्रेन आणावी, म्हणजे भाडें वांटलें जाईल. पण काँक्रीट, बोल्ट, पट्टे आणि क्रेन यांत एक पैसाही कापूं नका.

बंधूंनो, पडलेली टाकी पुन्हां उभी करतां येते. तिच्याखालीं सांपडलेला घरधनी उठवितां येत नाहीं, आणि त्याचें कर्ज मात्र बायकापोरांच्या माथीं राहतें. म्हणून घरीं गेल्यावर हा हिशेब तुमच्या शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींकडून पाटीवर करवून घ्या, आणि त्या आंकड्यांना पटेल तेंच करा.