राखीव पंप असूनही पाणी का जातं?

श्रोतेहो, नळ कोरडा पडला की आपण म्हणतो, “एक पंप बिघडला, तर एवढं काय झालं?” उत्तर साध्या गणितात आहे.

मोहने इथं उल्हास नदीचं पाणी उचललं जातं आणि शुद्ध होऊन कल्याण-डोंबिवलीत पोहोचतं. वाटेत वीज, पंप, जलवाहिनी, शुद्धीकरण आणि टाकी असे पाच दुवे धरू. समजा, प्रत्येक दुवा शंभरातले 99 दिवस नीट चालतो. तरी पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता 95 टक्केच उरते. म्हणजे वर्षातले सुमारे 18 दिवस कुठे ना कुठे खोळंबा!

म्हणून जोडीला राखीव यंत्र ठेवतात. शंभरात 10 दिवस बंद राहणाऱ्या पंपाशेजारी तसाच दुसरा बसवला, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा दिवस शंभरात एकच. मात्र अट अशी, की दोघांची दुखणी वेगळी हवीत. दोन्ही पंप एकाच खोलीत, एकाच पातळीवर असतील आणि 26 जुलै 2005 सारखा पूर आला, तर दोघंही एकदमच बुडतात. मग राखीव पंपाचा हिशेब कागदावरच राहतो.

विजेचंही तेच. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघे वीजवाहिनीचं एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं. भार दुसऱ्यावर आला, त्यात बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याचा मोठा भाग अंधारला. लोकल जागीच थांबल्या. राखीव मार्ग होता, पण नेमका त्याच वेळी तो मोकळा नव्हता.

दुरुस्तीचा वेळही तितकाच मोलाचा. दर महिन्याला बिघडणारा, पण दोन तासांत सुधारणारा पंप वर्षात फक्त 24 तास बंद राहतो. वर्षातून एकदाच बिघडणारा पंप सुट्या भागासाठी महिनाभर अडला, तर लोकांचे हाल होतात.

तेव्हा, राखीव पंप किती, एवढंच विचारून थांबू नका. ते पुराच्या पातळीच्या वर आहेत का? वीज दुसऱ्या वाटेनंही येते का? सुटे भाग हाताशी आहेत का? हे प्रश्न पावसाळ्याआधी विचारायला हवेत.