सगळ्या लॅबला एकच प्रत
(रेडिओवरील भाषण)



जून महिना लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक शाळा-कॉलेजांच्या संगणक लॅबमध्ये एक काम हमखास निघतं. काही मशीन सुरूच होत नाहीत, काहींवरचं सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं. मग सोलापूर नाहीतर लातूरहून माणूस यायची वाट बघायची. तो आला की एकेका मशीनला पेन ड्राइव्ह लावून फॉरमॅट मारत बसतो आणि मुलांचा आठवडा वाया जातो. हे काम भूम-परंड्यातल्या शिक्षकालाही स्वतः करता येतं, इंटरनेट नसतानाही. ते कसं, एवढंच आज सांगतो.

त्यासाठी क्लोनझिला नावाचं लिनक्सवर चालणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. एक मशीन मनासारखं तयार करायचं, त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत, म्हणजे इमेज, लॅबमधल्याच एका मशीनवर ठेवायची आणि तिथून ती बाकीच्यांवर उतरवायची. इमेज ठेवलेलं हे मशीन म्हणजे आपला सर्व्हर.

पेन ड्राइव्ह इथे लागत नाही. मशीन चालू झालं की त्याचं नेटवर्क कार्ड केबलवरून विचारतं, मला पत्ता द्या आणि काय सुरू करू ते सांगा. सर्व्हर पत्ता देतो आणि पाठोपाठ एक छोटं लिनक्स पाठवतो. ते मशीनच्या मेमरीतच चालतं. हार्ड डिस्क त्या वेळी वापरात नसते, म्हणून तिची नीट प्रत घेता येते. प्रत घेताना फक्त भरलेला भाग उचलला जातो. 500 जीबीच्या डिस्कवर 40 जीबी भरलेलं असेल तर तेवढंच येतं, आणि तेही दाबून लहान केलेलं.

आता वेळेचा हिशेब बघा. 10 जीबीची इमेज 100 एमबीपीएसच्या जुन्या स्विचवरून जायला किमान 13-14 मिनिटं लागतात. 20 मशीनना एकामागून एक द्यायची म्हटली तर साडेचार तास. पण क्लोनझिलात मल्टिकास्टची सोय आहे. आकाशवाणी एकदाच बोलते आणि घरोघरी ऐकू येतं, तसा सर्व्हर एकदाच पाठवतो आणि सगळी मशीन एकदम घेतात. क्लोनझिला बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडे 5.6 जीबीची इमेज 41 संगणकांवर सुमारे 10 मिनिटांत उतरवल्याची नोंद दिली आहे. एक लक्षात ठेवा, एखादं मशीन संथ असेल तर सगळ्यांनाच त्याच्या वेगाने जावं लागतं. ते बाजूला काढून नंतर करा.

खरं काम आहे हे सगळं आपल्या लॅबला बेतून घेण्याचं. क्लोनझिला मुळात एकापाठोपाठ एक प्रश्न विचारतं: इमेज कुठे आहे, तिचं नाव काय, कोणत्या डिस्कवर टाकू? घाईत एक उत्तर चुकलं तरी भरलेली डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून ही उत्तरं मशीन सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या, सर्व्हरवरच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायची. ‘ओसीएस-एसआर’ या आज्ञेपुढे ‘रिस्टोअरडिस्क’, मग इमेजचं नाव, मग डिस्कचं नाव, आणि काम झाल्यावर मशीन बंद व्हावं अशी सूचना. जुन्या मशीनमध्ये डिस्कचं नाव बहुधा ‘एसडीए’ असतं, नव्यात ते ‘एनव्हीएमई’ने सुरू होतं. दोन्ही प्रकार असतील तर मेनूत दोन वेगळ्या ओळी ठेवा. पहिली ओळ मात्र ‘नेहमीप्रमाणे सुरू करा’ हीच हवी. 10 सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर तीच चालावी. प्रत घेणं आणि प्रत टाकणं, दोन्हींना पासवर्ड लावा.

आणखी दोन गोष्टी. लॅबची मशीन लिनक्सवर चालत असतील तर मूळ मशीनची इमेज घेण्याआधी त्यातली मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. नाहीतर सगळ्या मशीनची ओळख एकच राहते आणि नेटवर्कवर पत्त्यांचा घोळ होतो. दुसरं, कॉलेजचा राउटर पत्ते वाटत असेल तर सर्व्हरवर पत्ते वाटणारं दुसरं काही सुरू करू नका. डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम लावा. पत्ते राउटरच देतो आणि हा फक्त काय सुरू करायचं ते सांगतो.

इमेजमुळे लॅब परत उभी राहते, पण इमेज घेतल्यानंतर साठलेले मुलांचे प्रोजेक्ट आणि ऑफिसची कागदपत्रं त्यात नसतात. त्यांचा बॅकअप रोज वेगळा घ्या. आणि दोन्हींची एकेक प्रत दुसऱ्या इमारतीत, जमल्यास दुसऱ्या गावात ठेवा. 30 सप्टेंबर 1993ची भूकंपाची पहाट लोहारा-उमरग्याने पाहिली आहे. एकाच छपराखाली सगळं ठेवणं किती महागात पडतं, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

माझं कळकळीचं सांगणं आहे, येत्या दिवाळीच्या सुट्टीत एक मशीन निवडा. त्याची इमेज घ्या आणि दुसऱ्या रिकाम्या मशीनवर ती उतरवून बघा. ते मशीन नीट सुरू झालं, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे असं समजा. मग केलेली प्रत्येक पायरी मराठीत एका वहीत लिहा आणि वरच्या वर्गातल्या दोन मुलामुलींना शिकवा. ती मुलं पुढे गेली की नव्या दोघांना तीच वही द्या.