मूठभर धान्याचा शेजारधर्म



दानाच्या प्रकारांत आहारदानाची थोरवी मोठी मानली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली केल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. परंतु कोठार प्रत्येकाजवळ नसते. मूठ मात्र प्रत्येकाजवळ असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे वसतिगृहातील गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी घरोघरच्या माउलींनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढले. हाच तो मुष्टिफंड.

केदारेश्वराच्या कोरीव मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले धर्मापुरी हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथे भुकेचे स्वरूप काळानुरूप पालटले आहे. १९७२ च्या दुष्काळात ती उघड्यावर होती. खडी फोडणारे हजारो हात रस्त्यावर दिसत. कामावर सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो मिळे. त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना भक्कम झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आजची भूक घरात, कडी लावून बसलेली असते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. घरी राहतात म्हातारे आईवडील, आणि कित्येकदा नातवंडे. मुले गाळप हंगाम आटोपूनच परततात. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा अनेक ऊसतोड मजूर उसाच्या फडाजवळच अडकले. एप्रिलमध्ये त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. तोवर इकडे वृद्ध आणि तिकडे तरुण, दोघांच्याही जिवाला घोर लागला होता.

शासनाचे धान्य मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरीही हिशेब मांडून पाहावा. दोन वृद्धांना १० किलो मिळते. दोन्ही वेळच्या भाकरीसाठी अदमासे २० किलो लागते. डाळ, तेल, मीठ, तिखट वेगळेच. त्यातच श्रमाने बोटांच्या रेषा झिजल्या असतील, तर यंत्र अंगठा ओळखत नाही. नातवंडांना शाळेत खिचडी मिळते, पण रविवारी शाळा बंद असते आणि पोट बंद नसते.

ही तूट भरून काढणे गल्लीच्या आवाक्यातील आहे. १०० घरांनी रोज एक मूठ, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, ज्वारी डब्यात टाकली, तर महिन्याला १५० किलो होते. त्यातून १५ वृद्ध जोडप्यांना प्रत्येकी १० किलो देता येते. ज्यांना शक्य असेल त्यांनी डाळ व तेल द्यावे. दानाच्या धान्यात सोंडे असू नयेत. जे स्वतःच्या ताटात चालते, तेच पिशवीत घालावे.

परंतु धान्य गोळा करणे हे या कार्यातील सोपे अंग आहे. कठीण आहे ते खरे घर शोधणे. जो मागतो त्याची गरज कळते. स्वाभिमानाने गप्प बसणारा उपाशी राहतो. कोणाची चूल दोन दिवस पेटली नाही, हे अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, पिठाची गिरणी चालविणारा आणि शेजारीण यांना ठाऊक असते. प्रथम त्यांना विचारावे, यादी नंतर करावी. यादीत जात, पंथ वा पक्ष यांचा रकाना नसावा.

पिशवी पोहोचविण्याचीही रीत आहे. मंडप घालून, रांग लावून, छायाचित्र काढून दिलेला घास घशाखाली उतरत नाही. ज्याने आयुष्यभर कष्ट करून खाल्ले, त्याला हात पसरताना गावाने पाहिले, तर तो पुढच्या महिन्यात दार उघडणार नाही. म्हणून जाड मांजरपाटाच्या एकसारख्या पिशव्या शिवाव्यात आणि दिवेलागणीला शेजाऱ्यानेच त्या नेऊन द्याव्यात. हिशेबाच्या वह्या दोन असाव्यात. किती धान्य आले आणि किती गेले, ही वही सर्वांसाठी उघडी असावी. कोणाच्या घरी गेले, ही वही दोघा-तिघांपलीकडे कोणाच्या दृष्टीस पडू नये. जमाखर्च चोख नसेल तर देणारा दुरावतो आणि नाव फुटले तर घेणारा दुरावतो.

पिशवी नेणाऱ्याने दोन घटका बसावे. अंगठा उमटत नसेल, निराधारांचे अनुदान अडले असेल, तर तहसील कार्यालयात अर्ज करण्यास मदत करावी. हक्काचे धान्य सुरळीत मिळू लागले की ती पिशवी दुसऱ्या घरी जाऊ शकते.

हा उपक्रम एका दिवसाचा सोहळा न होता दिवाळीपासून पाडव्यापर्यंत चालावा. फडावर कोयता चालविणाऱ्या मुलाला गावाकडे आईची चूल पेटली आहे एवढा भरवसा मिळाला, तरी गल्लीने शेजारधर्म पाळला असे म्हणता येईल.