दांडा पकड वाढवत नाही, वाटून देतो

वडगाव रासाईच्या माणसाला गाडी कलते म्हणजे काय होतं हे वेगळं सांगायला नको. गळिताच्या हंगामात उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली वळणावर बाहेरच्या अंगाला झुकते आणि मागचा मोटारसायकलवाला आपण होऊन चार हात लांब राहतो. स्पोर्ट्स कारच्या मालकाला छळणारं कलणं याच जातीचं, फक्त बोटभर. ते घालवायला बाजारात दोन वस्तू मिळतात. एक जाडजूड स्वे बार, ज्याला गॅरेजवाले स्टॅबिलायझर म्हणतात. दुसरी चॅसिस ब्रेस, म्हणजे सांगाड्याला आवळून धरणारी आडवी पट्टी किंवा नळी. हा विषय शिरूर तालुक्याला परका नाही. १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो २०१५ साली बाजारात आली ती रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून. अशी एखादी जुनी गाडी घेऊन तिच्यावर हजारो रुपये ओतायला निघालेली तरुण मंडळी पुणे जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांनी पैसे मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी: जाड दांडा गाडीची पकड वाढवत नाही, आहे ती वाटून देतो.

गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली, तर पुढच्या दोन चाकांच्या मध्ये पसरट यू आकाराचा स्प्रिंग-स्टीलचा दांडा दिसतो, तोच स्वे बार. मधे दोन रबरी बुशांत धरलेला, टोकांना एकेक लिंक. दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर दांडा बुशांत नुसता फिरतो. एक वर आणि दुसरं खाली गेलं की मात्र तो पिळला जातो, आणि पीळ सोडवण्याच्या त्याच्या धडपडीतून बॉडी सरळ राहते. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे २२ मिलिमीटरचा काढून २४ चा घातला, तर हाताला जेमतेम कळेल एवढा फरक, पण ताठपणा चाळीस टक्क्यांहून जास्त वाढला. इथवर जाहिरातवाले खरंच बोलतात.

पुढचा हिशेब ते सांगत नाहीत. धरा, गाडी १,२०० किलोची, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटर. वळणावर गुरुत्वाच्या निम्मा ओढा आडवा लागला, तर आतल्या चाकांवरचा २०० किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. सहाशे-सहाशेचे चारशे आणि आठशे होतात. या गणितात दांडा कुठेच नाही. गाडी कमी कलल्याने वजनाचा मध्य थोडा कमी सरकतो खरा, पण तो फरक किरकोळ. दांडा ठरवतो ते एवढंच, की या २०० किलोंतला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. आणि टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या जोडीवर ही ओढाताण जास्त, ती आधी घसरते. पुढे जाड दांडा घातला, की गाडी वळायला कुरकुरते आणि सरळ जाऊ पाहते. मागे घातला, की ती चटकन वळते, पण शेपूट बाहेर काढायला तयार होते.

कुणी म्हणेल, कंपनीने चार पैसे वाचवायला बारीक दांडा घातला. पैसे सगळेच वाचवतात. पण रोजच्या गाडीचं नाक आधी घसरावं, शेपूट नंतर, हे मुद्दाम ठरवलेलं असतं, कारण घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो, आणि नाक घसरलेली गाडी तेवढ्याने सावरू शकते. मागे वेगळा दांडा दिसत नाही हीही तक्रार असते. पुंटोसारख्या गाडीत मागची चाकं जोडणारी तुळईच पिळली जाते आणि दांड्याचं काम करते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: मग शर्यतीच्या गाड्यांना जाड दांडे कशाला? तिथला रस्ता गुळगुळीत असतो, आणि कलणं कमी झालं की टायर जमिनीवर सपाट टेकलेला राहतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या, गाडीत हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मातीवर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांत हाच दांडा बारीक ठेवतात. कारण दांडा म्हणजे दोन चाकांच्या मानेवरचं जू. एक बैल खड्ड्यात गेला की दुसऱ्यालाही हिसका बसतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल वाळून टणक झालेल्या आपल्या रस्त्यांवर, शिवाय गावोगावच्या बेहिशेबी गतिरोधकांवर, हा हिसका चाकाला जमिनीवरून उचलतो. पुरावा आपल्या तालुक्यातच आहे. २०२१ पासून रांजणगावात जुळणी होणाऱ्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन प्रकारात एक बटण आहे. ते दाबलं की पुढचा स्वे बार सुटा होतो, कारण खडबडीत जमिनीवर चाकं मोकळीच हवीत. बाकीचे लोक पैसे देऊन दांडा जाड करतात, आणि इथे पैसे देऊन तो सोडवायची सोय.

ब्रेसचं थोडक्यात. झाकण काढलेला पत्र्याचा डबा हातात पिळून पाहा आणि झाकण लावून पाहा; गाडीच्या बॉडीचं तसंच. छत नसलेल्या किंवा जुनाट, सैल बॉडीच्या गाडीला ब्रेसचा फायदा जाणवतो. आताच्या हॅचबॅकला छत आहे, चिकटवलेली काच आहे, तिथे फरक थोडाच. त्यातही इंजिन चुकवायला कमानीसारखी वाकवलेली नळी ताण आला की धनुष्यासारखी लवते. सरळ नळीच घ्यावी, नाहीतर बॉनेट उघडल्यावर दिसणारी शोभा एवढाच तिचा उपयोग.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल गाडीतल्या फेरफाराबाबत कडक आहेत. आरसीवर दांड्याची जाडी लिहिलेली नसते, पण अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा बसवण्याआधी तिला लेखी विचारलेलं बरं. खर्चाचा क्रम म्हणाल तर आधी चांगले टायर, मग शॉकअप, मग झिजलेले बुश आणि लिंक. एवढं केल्यावर बहुतेकांची दांड्याची हौस फिटते. तरीही मागचा जाड दांडा बसवलाच, तर पहिल्या पावसात न्हावरे-चौफुला रस्त्यावर भर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलू नका. भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपूट सुटते ती नेमकी त्याच क्षणी.