‘राजगृहा’ची उभारणी

घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधणाऱ्याची कसोटी पैशानें लागते. तशीच ती घरांत कशाकशाला जागा द्यावयाची, या निर्णयानेंहि लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें बिऱ्हाड १९१२ पासून परळच्या एका चाळींत, दोन खोल्यांत होतें. माणसांनाच जागा अपुरी. मग ग्रंथांची काय कथा! पुढें दादरच्या हिंदु कॉलनींत १९३१ सालीं त्यांच्या घराचें काम सुरू झालें. त्याच वर्षीं घरधन्याला गोलमेज परिषदेसाठीं लंडनला जावें लागलें. १९३२ च्या सप्टेंबरांत पुणें करार झाला आणि वर्षाअखेरीस पुन्हां लंडन. इकडे भिंती चढतच होत्या. १९३३ मध्यें वास्तु पुरी झाली. मगधाच्या प्राचीन राजधानीचें ‘राजगृह’ हें नांव तिला मिळालें. खालीं कुटुंबाचें वास्तव्य आणि वरचा मजला ग्रंथांसाठीं, अशी वांटणी ठरली.

परंतु ज्या रमाबाईंनीं चाळींत इतकीं वर्षें संसार रेटला, त्यांना हें सुख फार काळ लाभलें नाहीं. २७ मे १९३५ रोजीं याच घरांत त्यांचें निधन झालें. ६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेब दिल्लीस निवर्तले. त्यांचें पार्थिवहि अंत्यदर्शनासाठीं इथेंच आणण्यांत आलें.

बांधलेलें घर किती दिवस भोगावें, हें बांधणाऱ्याच्या हातीं नसतें. तें कशासाठीं बांधावें, एवढेंच त्याच्या हातीं असतें.