नियमांच्या वरचे पुस्तक

(दिल्ली येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी इटलीची राज्यघटना आणि तिथला सार्वजनिक कायदा हा विषय ठेवला, तेव्हा काही साथींनी विचारले की आपल्या शेडचा आणि सॉर्टिंगच्या कामाचा इटलीशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, वकील नाही. पण युनियनच्या कामात एक गोष्ट नेहमी दिसते. आपला कामगार परिपत्रक मानतो, नियमांचे पुस्तक मानतो, साहेबाची सही मानतो. या सगळ्यांच्या वर जे पुस्तक आहे, ते मात्र तो उघडत नाही.

आधी सार्वजनिक कायदा म्हणजे काय ते पाहू. तुमचा आणि शेजाऱ्याचा बांधावरून तंटा झाला, तर तो दोन माणसांमधला दावा. पण एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला नागरिक असला, की तिथे सार्वजनिक कायदा लागतो. त्याचा पाया एवढाच की सरकारची सत्ता कायद्यातून येते आणि कायदा थांबेल तिथे तीही थांबते. आपल्याला हे दुप्पट लागू आहे, कारण आपला मालकच सरकार आहे.

आता इटली. मुसोलिनीच्या राजवटीत 1926 साली कायदा करून संपावर बंदी घातली गेली. 1930 च्या दंडसंहितेत संप हा गुन्हा ठरला. महायुद्धानंतर 2 जून 1946 रोजी तिथल्या जनतेने मतदान करून राजेशाही घालवली आणि घटना समिती निवडली. त्या समितीत ज्युझेप्पे दी व्हित्तोरिओ हे कामगार पुढारी होते. लहानपणी शेतमजुरी केलेला हा माणूस. 1 जानेवारी 1948 रोजी ती घटना अमलात आली. तिच्या पहिल्याच कलमात हे प्रजासत्ताक श्रमावर उभे असल्याचे म्हटले आहे. कलम 39 मध्ये संघटनेचे स्वातंत्र्य आहे. कलम 40 मध्ये संपाचा हक्क आहे, मात्र तो कायद्याच्या चौकटीत वापरायचा.

त्याच काळात, 9 डिसेंबर 1946 पासून, आपल्या या दिल्लीत आपली घटना समिती बसत होती. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याआधी 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. आपल्या घटनेत कलम 19 ने संघटना बांधण्याचा हक्क दिला. संपाचा हक्क मात्र मूलभूत हक्कांत नाही.

म्हणजे इटलीच्या कामगाराला सगळे मिळाले आणि आपल्याला कमी, असे वाटेल. थोडे थांबा. इटलीत घटना 1948 ची, पण 1930 च्या दंडसंहितेतले कलम 502 पुस्तकात तसेच राहिले. पगारासाठी आणि कराराच्या अटींसाठी केलेला संप त्या कलमाने गुन्हा ठरवला होता. तिथले घटना न्यायालय कामाला लागले 1956 साली आणि ते कलम रद्द झाले 1960 साली. घटनेत हक्क येऊनही जुना कायदा बारा वर्षे छापील स्वरूपात जिवंत होता. तो कोणीतरी न्यायालयापुढे नेला, तेव्हा गेला.

आपल्याकडेही अगदी असेच झाले. इंग्रजांच्या काळापासून सरकारी नोकर राजाची मर्जी असेपर्यंत नोकर. आपल्या घटनेच्या कलम 310 मध्ये ती मर्जी राष्ट्रपतींच्या नावाने राहिली. पण लगेच कलम 311 ने तिला लगाम घातला. नेमणूक करणाऱ्याच्या हाताखालचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही. आणि आरोप काय ते सांगून, चौकशी करून, म्हणणे मांडण्याची योग्य संधी दिल्याशिवाय बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती करता येत नाही. ही घटना 1950 ची. तरीही रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट कोडमध्ये नियम 148(3) आणि 149(3) होते. त्यानुसार कायम कामगारालाही नुसती नोटीस देऊन घरी पाठवता येई. आरोप नाही, चौकशी नाही.

ईशान्य सीमा रेल्वेतला मोतीराम डेका नावाचा एक शिपाई या नियमाखाली निघाला. उच्च न्यायालयात हरला, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 1963 मध्ये सात न्यायाधीशांपुढे निकाल लागला आणि ते नियम कलम 311 च्या विरुद्ध म्हणून रद्द झाले. बहुमताचा मुख्य निकाल लिहिला आपल्या महाराष्ट्रातल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. त्याआधी 1962 साली मुंबईच्या एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या दाव्यातही त्यांनीच निकाल दिला होता. सरकारची मान्यता नसलेल्या संघटनेत राहू नये, हा नियम त्या निकालाने गेला. टपालातल्या साथींसाठी 1977 चा निकाल आहे. खात्याबाहेरचे म्हणून गणले जाणारे ई. डी. कर्मचारी, म्हणजे आजचे ग्रामीण डाकसेवक, हे नागरी पद धारण करतात आणि त्यांनाही कलम 311 चे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले.

साथींनो, दोन देश, दोन घटना, पण धडा एकच. घटना स्वतःच्या पायांनी चालत आपल्या सेक्शनमध्ये येत नाही. जुना नियम कोणी हरकत घेईपर्यंत टेबलावर पडून राहतो आणि त्यावर सह्या होत राहतात.

पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. कलम 311 मध्येच अपवाद आहेत. चौकशी करणे व्यवहार्य नाही, असे अधिकाऱ्याला वाटले, तर चौकशीशिवाय बडतर्फी होऊ शकते. मे 1974 च्या रेल्वे संपात अनेकांना रेल्वेच्या नियम 14(ii) खाली असेच काढले. 1985 च्या तुलसीराम पटेल निकालाने हे अपवाद उचलून धरले. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही, असेही म्हटले. इटलीतही हक्क मोकाट नाही. 1990 च्या कायद्याने तिथल्या रेल्वे आणि टपालाच्या संपाला आगाऊ नोटीस आणि किमान सेवा चालू ठेवण्याचे बंधन घातले. फरक एवढा, की तिथे हक्क आधी आणि बंधन नंतर.

मग शाखा सेक्रेटरीने करायचे काय? कामगार मोठ्या शिक्षेचा कागद घेऊन आला, की आधी पुढच्या गोष्टी पाहा. सही कोणाची आहे? तो नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा तर नाही? आरोप स्पष्ट लिहिले आहेत का? उत्तराला संधी दिली का? चौकशी टाळली असेल, तर तिचे कारण लेखी नोंदवले आहे का? तुलसीराम पटेल निकालानेही हे लेखी कारण आवश्यक ठरवले आहे. म्हणजे आपल्याविरुद्ध गेलेल्या निकालातही आपल्या हाताला लागेल असे काही असते, पण ते वाचणाऱ्यालाच सापडते.

आणि मुदत सांभाळा. खात्यातले अपील साधारण 45 दिवसांत करावे लागते. अपिलाचा अंतिम हुकूम आल्यावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला एक वर्ष असते. त्याचे मुख्य पीठ दिल्लीत आहे, मुंबईतही पीठ आहे. 1997 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. साहेब तोंडी म्हणाले "बघू", म्हणून थांबलेला कामगार मुदत गमावतो. मग कितीही चांगले कलम असले तरी उपयोग नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेत राज्यघटनेची एक मराठी प्रत ठेवा. महिन्यातून एक संध्याकाळ एकच कलम घ्या. ट्रॅकवरचा, पोस्टमन, आर. एम. एस. मधला, सगळ्यांनी बसून मोठ्याने वाचा आणि ते आपल्या कामाला कुठे लागते ते बोला. पहिल्या महिन्यात कलम 14, मग 16, मग 19, मग 309 ते 311. वकील लागेल तेव्हा लागेलच. पण वकिलाकडे कोणता कागद न्यायचा, हे आपल्याला कळले पाहिजे.

मोतीराम डेका शिपाई होता. त्याच्या दाव्यामुळे गेलेला नियम देशभरातल्या कायम रेल्वे कामगारांच्या डोक्यावरून गेला. हे लक्षात ठेवून आपण वाचायला बसू.

कामगार एकजुटीचा विजय असो!